तेरा नंबरचा पाना

कोसळलेल्या लढाऊ विमानाचा तुकडा न् तुकडा हँगरमध्ये मांडून चौकशी चालली होती, आणि इकडे मेकॅनिकच्या जिवाला घोर लागला होता. त्याच्या पेटीतला तेरा नंबरचा पाना गायब होता. इंजिनातच राहिला असणार!

मन खायला लागलं, तेव्हा त्याने साहेबांना सगळं सांगून टाकलं. साहेबांना आयतंच कारण मिळालं. त्याची नोकरी गेली, चौकशी गुंडाळली गेली, तुकडे भट्टीत गेले आणि तसल्याच बाकीच्या विमानांना उड्डाणाची परवानगी मिळाली.

आज त्यातली पहिली दोन विमानं घरावरून गडगडत गेली, तेवढ्यात सिंकखाली वाकलेली बायको म्हणाली, “अहो, हा बघा तुमचा पाना! नळ आवळायला आणलात आणि इथेच विसरलात.”