फायनलचा पंच

"बाबा काय म्हणतात?" लेकानं विचारलं. सेमीफायनलच्या सकाळी तो टीमच्या हॉटेलाबाहेर आईला भेटायला आला होता.

"काय म्हणणार? नेहमीसारखे गप्प. फायनलचा शर्ट मात्र इस्त्री करून ठेवलाय."

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

बाप हॉकीचा पंच, लेक संघातला फॉरवर्ड. पंचानं खेळाडूंशी स्पर्धा संपेपर्यंत बोलायचं नाही असा नियम, म्हणून आठवडाभर बाप एका हॉटेलात, लेक दुसऱ्यात आणि आई तिसऱ्याच लॉजवर. स्पर्धा दुसऱ्या फळीची. जिंकणारा एकच देश वरच्या फळीत जाणार, म्हणून पोरं जिवावर उदार होऊन खेळत होती.

दुसरा नियम याहून वाईट. आपला देश खेळत असेल त्या सामन्यात पंचानं उभं राहायचं नाही. पंचवीस वर्षं शिट्टी फुंकून त्याच्या वाट्याला एकही आंतरराष्ट्रीय फायनल आली नव्हती. या स्पर्धेनंतर वयाच्या अटीनं तो निवृत्त होणार होता. लेक हरला तरच बापाला फायनल. आई कुणाच्या बाजूनं देवाला हात जोडणार?

"तू कुणाकडून आहेस?" लेकानं हसत विचारलं.

"मी तिकीट काढून आलेय. मला कुणाकडूनही ओरडता येतं."

दुपारी नवराबायको स्टँडमध्ये शेजारी बसले. आज त्याला सुट्टी होती. त्यानं शेंगदाण्याची पुडी तिच्या हातात दिली आणि स्वतः एकही दाणा तोंडात टाकला नाही.

शेवटची दोन मिनिटं. लेकाचा संघ एका गोलानं मागे. तेवढ्यात पेनल्टी स्ट्रोक मिळाला. समोर फक्त गोलकीपर. चेंडूपाशी लेक उभा राहिला. वरचा डावा कोपरा हे त्याचं ठरलेलं ठिकाण. अख्ख्या स्पर्धेत तो एकदाही चुकला नव्हता.

त्यानं चेंडू जमिनीलगत ढकलला, सरळ गोलकीपरच्या पॅडवर.

"गेला," बाप एवढंच म्हणाला आणि उठला.

बसपाशी तिनं लेकाला गाठलं. बाकीचे खिडकीतून त्याच्याकडे बघतही नव्हते.

"पाय सटकला गं."

"माझ्याकडे बघून सांग."

तो बुटाकडे बघत राहिला. "आता मिळेल ना त्यांना?"

शिव्या द्याव्यात की जवळ घ्यावं, तिला कळेना. "मिळेल," ती म्हणाली.

"त्यांना बोलू नकोस काही. मला काय, अजून दहा वर्षं खेळायचंय."

संध्याकाळी बाप तिच्या लॉजवर आला. खुर्चीत टेकून बुटांच्या नाड्या सोडू लागला. तिनं चेहरा हसरा केला. तेवढं तिला जमायचं.

"मग? उद्याची फायनल तुमचीच ना?"

"दिली होती. मी नको म्हणालो."

ती त्याच्याशेजारी पलंगाच्या कडेला बसली. म्हणजे यालाही कळलं होतं. पोराचं दान न बोलता परत करून आला होता. असला माणूस पदरात पडला म्हणून आयुष्यभर कुरकुर केली, आज पहिल्यांदा तिला त्याचा अभिमान वाटला.

"बरं केलंत," त्याच्या खांद्यावर हात ठेवत ती हळूच म्हणाली. "कारण काय सांगितलंत? तब्येत?"

"पंच आहे मी. खोटं कसं सांगू?"

तिचा हात त्याच्या खांद्यावरच थबकला.

"अहो, पाय सटकला त्याचा. कुणीही तेच म्हणेल."

"समितीही तेच म्हणाली. तो मुद्दाम हरला याला पुरावा काय, म्हणाले." त्यानं दुसरा बूट काढून पहिल्याशेजारी नीट ठेवला. "म्हटलं, तो फटका त्याला मी शिकवलाय."