उशाशी गाणं

काकांनी मास्क पुन्हा ओरबाडून काढला, तेव्हा सिस्टरने पेशंटना गाऊन शांत करायला हॉस्पिटलात येणाऱ्या गाणारीला बोलावून घेतलं.

नाकातोंडावर घट्ट बसलेला मास्क, आणि त्यातून यंत्राने लोटलेला वारा. यंत्र श्वास आत ढकली, काका तो बाहेर फेकत. संध्याकाळपर्यंत जुळलं नाही तर घशात नळी घालावी लागेल, आणि या वयात घातलेली नळी सहजी निघत नाही, असं डॉक्टरांनी काकूंना बाहेर नेऊन सांगितलं होतं. तेव्हापासून काकूंचाच ऊर भात्यासारखा चालला होता.

पायथ्याशी बसून त्या वरच्या पट्टीत काकांना दटावत होत्या. हळू बोला, इतर पेशंट आहेत, असं सिस्टरने बजावलं. जन्माची सवय, आता कुठे जायची, असं त्या पुटपुटल्या. मांडीवर पिशवी. भरतीच्या गडबडीत काकांच्या अंगावरचं जे जे काढून हातात दिलं, घड्याळ, अंगठी, एक इवलीशी डबी, ते सगळं तिच्यात कोंबलेलं.

"संसारभर यांनी माझं एक ऐकलं नाही," त्या गाणारीला म्हणाल्या. "तुझं काय ऐकणार, मुली?"

गाणारी उशाशी स्टूल ओढून बसली. यंत्राची लय तिने मनात धरली आणि त्याच लयीत अलगद सूर लावला.

*हळू ये रे वाऱ्या, दार लोटून ये,*
*उरातल्या पाखराला पंख देऊन ये.*

सूर चढे तेव्हा श्वास आत, उतरे तेव्हा बाहेर. काकूंनाही तिने खुणेने त्याच लयीत श्वास घ्यायला लावला. हळूहळू काकूंचे ताठलेले खांदे खाली आले. काकांनी गाणारीकडे ओझरतं पाहिलं, मग नजर पायथ्याशी लावली ती तिथेच. मास्ककडे निघालेला हात वाटेतच थांबला. श्वास यंत्राशी जुळला.

नळी टळली.

दुसऱ्या दिवशी काकू चहाला गेल्या असताना तिने तेच गाणं धरलं, तर काका पट्टे ओढू लागले. सूर चढा लागला असणार, म्हणून तिने स्वतःलाच बोल लावला आणि पट्टी उतरवली. काकू परत येऊन पायथ्याशी टेकल्या, तोवर श्वास खरंच ताळ्यावर आला. तेव्हापासून ती खालच्या पट्टीतच गाऊ लागली.

मास्क कायमचा निघाला त्या दुपारी डॉक्टर म्हणाले, आमच्या औषधांपेक्षा तुमचा गळा गुणाचा. ती हसली, पण कान काकांकडे होते. त्यांच्या तोंडून एक शब्द आला असता, तर तिला तेवढं पुरे होतं.

काकांचे केस विंचरायला काकूंनी फणीसाठी पिशवीत हात घातला आणि डबी हाताला लागली. त्या डबीकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी तिच्यातली दोन बारकी यंत्रं काढून काकांच्या दोन्ही कानांत बसवली.

काका दचकले. त्यांची नजर वॉर्डभर फिरून गाणारीपाशी थांबली.

"या कोण गं?" त्यांनी घोगऱ्या आवाजात काकूंना विचारलं. "रोज उशाशी बसून नुसते ओठ हलवायच्या. पण या आल्या की तुझी धाप कमी व्हायची. मग मी आपला तुझ्याकडे बघून श्वास घ्यायचो."