मनातली शर्यत

संघाच्या मानसतज्ज्ञ सरांनी धावपटू पोरीला सोपा गृहपाठ दिला होता. रोज झोपताना डोळे मिटायचे आणि निवड चाचणीची शर्यत मनातल्या मनात जिंकायची. चाचणीच्या आदल्या दिवशी ती तोंड पाडून समोर येऊन बसली.

“सर, मनातसुद्धा मी दुसरीच येते. ताई पहिली.”

“पण ताईनं तर लग्नानंतर धावणं सोडलं ना?”

“हो. बाळाला कडेवर घेऊन धावते, तरी पुढेच.”

सरांनी कपाळाला हात लावला. “अगं, शर्यत तुझ्याच मनातली आहे. पाड की तिला.”

“काल पाडलं. बाळ रडायला लागलं, म्हणून मी थांबून त्याला उचललं. ताई उठली, गुडघे झटकले आणि जिंकली. वर मलाच ओरडली, त्याची मान नीट धर म्हणून.”