पुढचा डबा

"आज नको हा डबा," चन्नवीर म्हणाले. "ह्यात त्यो मरतोय."

"ठावं हाय की," महादेवी म्हणाली. "म्हणून काय अध्याय सोडून फुडं जायचं?"

खिडक्यांवर चादरी टांगून झाल्या होत्या. नवी पेठेतल्या स्वतःच्या दुकानातल्याच, जाडजूड, मोराच्या नक्षीच्या. भर दुपारी खोलीत अंधार झाला होता. रेडिओ महादेवीनंच बंद केला होता. लढाईच्या बातम्या दिवसभर त्याच, नुसती गावांची नावं बदलायची. आणि त्यातल्या कुठल्या गावाजवळ त्यांचा फौजेतला सिद्धाराम आहे, ते काही रेडिओ सांगत नव्हता. लढाई सुरू झाल्यापासून पोराची खुशाली कळली नव्हती.

सिनेमा हा चन्नवीरांचा एकुलता एक शौक. मागच्या महायुद्धानंतर गोऱ्या पलटणीचं सामान लिलावात निघालं, तेव्हा कापडाच्या गाठी घ्यायला गेलेला हा माणूस प्रोजेक्टर आणि पत्र्याचे डबे घेऊन घरी आला. सगळ्या डब्यांत हॉलिवूडचा एकच नट, सगळे सिनेमे त्या लढाईच्या वर्षांतले. इंग्रजीच्या नावानं घरात आनंदच होता. महादेवीनं त्या सगळ्या सिनेमांचं मिळून एक पुराण करून टाकलं. माणूस एक, म्हणजे गोष्ट एक. एका डब्यात तो गोळी लागून पडतो, पुढच्या डब्यात घोड्यावर बसून येतो, म्हणजे वाचला. हे वेगवेगळे सिनेमे आहेत, हे चन्नवीरांनी केस पिकेपर्यंत समजावलं. ती ऐकून घ्यायची आणि मठातल्या पुराणाचे नियम लावायची. अध्याय गाळायचा नाही आणि मरणावर उठायचं नाही. तो मेला की लगेच पुढच्या डब्यातलं पहिलं रीळ लावायचं. तो जिवंत दिसला की मग चहा.

एरवी चन्नवीर हसायचे. आज त्यांनी मुकाट्यानं रीळ चढवलं.

भिंतीवर जहाज पेटलं. तो बाकीच्यांना शिडीवरून उतरवत राहिला. महादेवी पदराचं टोक पिळत बसली होती. "उतर की रं आता तू बी," ती भिंतीला म्हणाली. ती दर वेळी म्हणायची. तो दर वेळी उतरायचा नाही. पाणी वर आलं, तो गेला, टोपी तेवढी तरंगत राहिली.

तेवढ्यात फट्कन आवाज झाला आणि भिंत काळी पडली. यंत्र मात्र घरघरत होतं.

"काय झालं वो?"

"दिवा उडाला." चन्नवीरांनी यंत्र बंद केलं.

"दुसरा घाला."

"हितं कुटं मिळतोय त्यो? मुंबईस्नं मागवाय लागंल. ऊठ, चहा टाक."

"मी न्हाय उठायची."

"अगं, सिनेमा हाय त्यो!"

"असू दे. मरणावर उठायचं न्हाय. आज तर न्हायच न्हाय. तुमी बी उठू नका."

खुळी, अडाणी, सगळे शब्द चन्नवीरांच्या जिभेवर तयार होते. पण ते स्टुलावरच बसून राहिले. खरं सांगायचं तर त्यांनाही भीती वाटत होती.

महादेवी बसल्या बसल्या सरकत खिडकीशी गेली आणि चादर ओढून पाडली. लख्ख ऊन आत आलं.

"फुडचा डबा द्या हिकडं. उजेडात बघू."

फिल्मला चन्नवीर कुणाला हात लावू देत नसत. बोटं उठतात म्हणून. लहानपणी सिद्धारामनं एकदा रीळ हाताळलं, तर त्याला फटके बसले होते. आता त्यांनी स्वतःच डबा उघडला, टोक सोडवलं आणि स्टुलावरूनच तिच्या हातात दिलं. तिनं ते उन्हासमोर धरलं.

"ही तर अक्षरं."

"वढ."

"अजून अक्षरंच हायेत."

"वढ की."

डोंगर आले. मग स्टेशन. मग आगगाडी. ह्या गाडीतनं तो उतरतो, दोघांनाही पाठ होतं. भिंतीवर तो बघता बघता उतरायचा. इथं मात्र डबा उघडा पडला होता आणि त्यातून माणसं निघतच होती. मिशीवाला. टोपलीवाली बाई. दोन पोरं.

"ह्यो न्हवं," महादेवी म्हणायची आणि पट्टी ओढायची. "ह्यो बी न्हवं."

फिल्मचा गुंता तिच्या मांडीवर, तिथून जमिनीवर. चन्नवीर न उठता स्टूल फरफटत खिडकीपर्यंत गेले.

"ह्यातच हाय न्हवं त्यो?" तिनं विचारलं.

"हाय."

"मग कुटं हाय?"

"येतोय की! हळू वढ, निसटंल."

"तुमीच डबा चुकलासा."

"न्हाय चुकलो!" ते एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या गच्चीवरची बाई वळून बघायला लागली.

पट्टी सरकत राहिली. महादेवीच्या कपाळावर, डिसेंबर असून, घाम होता.

"थांबा," ती म्हणाली.

नखावर मावेल एवढा तो, गाडीच्या दारात. अंगात वर्दी, खांद्यावर पिशवी. पुढच्या चौकटीत तसाच. त्याच्या पुढच्याही. एक पाय खाली यायचा होता, तो येत नव्हता.

चन्नवीरांनी दोन्ही अंगठ्यांनी पट्टी ताणून धरली. बोटं उठली तर उठू देत.

"दिसला?"

तिनं पट्टी डोळ्याशी नेली, लांब धरली, पदरानं पुसली, पुन्हा डोळ्याशी नेली.

"दिसला," ती म्हणाली. मग पट्टी तशीच उन्हात धरून, "लई वाळलाय वो. खायला घालत न्हाईत वाटतं तिकडं."