थोरलीची गुलाबी फीत

सोमवार, ६ फेब्रुवारी १९८४. सकाळी साडेसात वाजता शकीला मुलांच्या रुग्णालयातल्या सर्जिकल वॉर्डात कामावर रुजू झाली.

हडपसरहून वडिलांनी, शमशुद्दीन यांनी, तिला स्कूटरवर आणून सोडलं होतं. फाटकाशी ती रुग्णालयाची पाटी वाचत उभी राहिली, तेव्हा शमशुद्दीन म्हणाले, "आत जा बेटा. पाटी संध्याकाळीही इथेच असेल."

वॉर्डच्या मुख्य सिस्टर मंदाकिनीबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"पदवीधर का?"

"हो सिस्टर. नर्सिंगची बी.एस्सी."

"छान. पदवी टेबलावर ठेवा आणि हात धुऊन या."

शकीला हसली. आज तिला कशाचंच वाईट वाटणार नव्हतं.

तिच्या वाट्याला आलेली पहिली केस म्हणजे चार महिन्यांच्या जुळ्या मुली. थोरलीला हर्निया होता. ती रडली की डाव्या जांघेत फुगवटा यायचा, गप्प झाली की जिरायचा. ऑपरेशन साडेनऊच्या सुमारास होणार होतं. थोरलीला पहाटेपासून दूध बंद होतं. धाकटी ठणठणीत होती, पण दोघी अंगावर पिणाऱ्या, म्हणून तीही त्याच कॉटवर होती. बारसं ऑपरेशननंतर करायचं ठरलं होतं. मुलींना अजून नावं नव्हती.

"चेहरा बघून मूल न्यायचं नाही," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "मनगटावरची फीत वाचायची, मगच उचलायचं. आणि थिएटरवरचा लाल दिवा लागला की दार कुणासाठी उघडत नाही. माझ्यासाठीसुद्धा नाही."

थोरलीच्या फितीवरची शाई पुसट झाली होती. शकीलाने ती काढून टाकली, नवी, गुलाबी कापडी फीत घेतली आणि आईला विचारून खात्री केली.

"हीच ना थोरली?"

"हीच," विजयमाला म्हणाली. "मला लगेच ओळखू येतात."

"मला येत नाहीत," शेजारी बसलेल्या मथुराबाई म्हणाल्या. त्या मुलींच्या आजी, विजयमालाच्या सासूबाई. "यांच्या बापालाही येत नाहीत. तो कबूल करत नाही, एवढंच."

शकीलाने फितीवर ठळक अक्षरात लिहिलं, ‘विजयमाला यांची थोरली’. मनगटावर बांधताना तिने हौसेने छोटंसं फूल काढलं. नियमात फूल नव्हतं, पण मनाईही नव्हती.

"वा, सिस्टरबाई! शोभतंय हो," मथुराबाई म्हणाल्या.

ऑपरेशनसाठी थोरलीच्या काळ्या मण्यांच्या मनगट्या काढाव्या लागल्या. मथुराबाईंनी लगेच धाकटीच्याही काढल्या. मग थोरलीच्या मुठीतला खुळखुळा सोडवून धाकटीच्या मुठीत दिला.

"खुळखुळा एकच आहे. पाळीपाळीने," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे दोघींना सगळं सारखं. एकीला झुकतं माप नाही."

विजयमालाने धाकटीला पाजलं आणि कॉटवर ठेवलं.

"ताई, तुम्ही कालपासून काही खाल्लेलं दिसत नाही," शकीला म्हणाली. "खाली जाऊन चहा घेऊन या."

"तेवढ्यात हिला नेलं तर?"

"मी आहे ना!"

हे वाक्य आपल्या तोंडून इतक्या सहज निघालं, याचं शकीलालाच नवल वाटलं. विजयमाला खाली गेली. शकीला थिएटरचा हिरवा झगा आणायला गेली.

ती परत येते तोच थिएटरमधून निरोप आला. अपेक्षेपेक्षा लवकर. शकीलाच्या छातीत धडधडू लागलं. भीती नव्हती ती. शाळेच्या स्नेहसंमेलनात पडदा वर जाताना व्हायची तशी धडधड.

बाहेर गॅलरीत मथुराबाई एका नातीला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होत्या. ती टाहो फोडत होती. दुसरी कॉटवर झोपेतच ओठ चोखत होती. तिच्या मनगटावर गुलाबी फूल होतं.

शकीलाने फीत वाचली. मग पुन्हा वाचली. मुलीला झगा घातला आणि उचललं. मुलगी हूं की चूं न करता तिच्या खांद्यावर विसावली.

"वाचलीत?" मागून मंदाकिनीबाईंनी विचारलं.

"दोनदा, सिस्टर."

"बरं."

मंदाकिनीबाईंचं ‘बरं’ म्हणजे काय, ते शकीलाला पहिल्या तासाभरातच कळलं होतं. इतर वॉर्डांत त्याला शाबासकी म्हणत.

थिएटरच्या दारात भूलतज्ज्ञांनी मुलीकडे पाहिलं. "पहाटेपासून उपाशी ना? मग एवढी शांत कशी?"

"माझ्याकडे आली की गप्प होते, डॉक्टर."

ते हसले. मुलीला घेऊन आत गेले. दार लागलं.

शकीला जवळजवळ धावतच परतली. पहिली केस. पहिलं मूल. आणि रडलंसुद्धा नाही! संध्याकाळी अब्बांना पहिल्यांदा हेच सांगायचं, त्या पाटीसमोरच.

विजयमाला जिना चढून गॅलरीत येत होती.

"नेलं का?" तिने विचारलं.

"नेलं. अगदी शांत होती. तुम्ही काळजी करू नका."

मथुराबाईंनी रडणारी नात सुनेच्या हातात दिली. "घे बाई. ही काही माझं ऐकत नाही." मग त्या शकीलाकडे वळल्या. "आणि सिस्टरबाई, एक सांगू? फीत एकीलाच बांधलीत, दुसरीचा हात बोडका. बरं दिसतं का ते? तुम्ही झगा आणायला गेलात तेव्हा मी ती सोडली आणि दुसरीला बांधली. थोडा वेळ हिने मिरवली, थोडा वेळ तिने."

विजयमालाने मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ती तिथेच, जमिनीवर बसली. मुलीला मांडीवर आडवं घेऊन तिने लंगोटाची गाठ सोडली.

डाव्या जांघेत लिंबाएवढा फुगवटा वर आला होता.

गॅलरीच्या टोकाला, थिएटरच्या दारावर, लाल दिवा लागलेला होता.