फोटोमागचं नाव

फौजदार संताजीरावांनी दोन मुलांना प्रयोगशाळेच्या भिंतीशी उभं केलं आणि टेबलावर एक कृष्णधवल फोटो टाकला. मद्रासच्या मांबलम स्टेशनाबाहेर हिंदीविरोधी दंगलीत पेटलेली बस. मशाल फेकणारा पाठमोरा, गडद शर्टातला.

"कंडक्टर आत होता, मेला. हे दोघे तुमचेच विद्यार्थी. यातला कोण?"

गुरुमूर्ती या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा. लोक त्याच्याकडे फुलपाखरांचे फोटो ओळखायला पाठवत. ते टेबलभर पसरले होते. भिंतीशी वादिराज लाल शर्टात होता, अप्पाजी काळ्या. उंची सारखी, बांधा सारखा.

त्याने भिंग लावून बराच वेळ पाहिलं. "सांगता येत नाही."

"रोज हेच करता की, सार."

गुरुमूर्तीने दोन फोटो पुढे सरकवले. "मीच काढलेत, म्हणून माहीत. हे विषारी. हे निरुपद्रवी, त्याचं सोंग घेतलेलं. पहिल्याचं अंग लाल, दुसऱ्याचं काळं. फोटोत दोन्ही काळी. शर्टांचंही तसंच."

फौजदारांनी तिसराच फोटो उलटा केला. "मागे लिहिलेल्या नावापुढे हे प्रश्नचिन्ह कशाला?"

"खात्री नाही म्हणून."

"खात्री नाही, तरी नाव लिहिता की."

"हाती लागल्याशिवाय खात्री होत नाही."

"हे दोघे लागलेत हाती."

फौजदारांची पहिली काठी वादिराजच्या गुडघ्यावर बसली, दुसरी अप्पाजीच्या तोंडावर. दात टाचण्यांच्या ट्रेमध्ये पडला. "मी नव्हतो, सार," वादिराज म्हणाला. अप्पाजीही तेच म्हणाला. मग वादिराजचं मनगट मोडलं; आवाज टेबलापर्यंत आला. दोन्ही शर्ट छातीवर ओले झाले. लालावर रक्त दिसत नव्हतं, काळ्यावरही नाही.

"नाव सांगा, थांबतो," संताजीराव धापा टाकत म्हणाले. "एकाला नेतो, एक घरी जाईल. नाहीतर संध्याकाळपर्यंत हेच."

काठी पुन्हा वर गेली. वादिराज गुरुमूर्तीकडे बघत होता. अप्पाजीचे डोळे मिटलेले होते.

"अप्पाजी," गुरुमूर्ती म्हणाला.

"मागे लिहा. फुलपाखरांचं लिहिता तसंच."

गुरुमूर्तीने फोटो उलटा केला, पेन उघडलं. अप्पाजी. मांबलम. फेब्रुवारी १९६५. मग पेन परत पहिल्या शब्दाशी नेऊन नावापुढे प्रश्नचिन्ह केलं.

संताजीरावांनी अंगठा जिभेला लावला आणि तेवढंच पुसलं. शाई अजून ओली होती.