हलका पुतळा

समुद्रातल्या पवनचक्क्यांवरचं काम शिकवणाऱ्या संस्थेत, बेशुद्ध माणसाला उचलून दोरानं खाली उतरवायची परीक्षा असे. त्यासाठीचा वाळू भरलेला पुतळा माणसाच्याच वजनाचा होता. पोरांना तो पेलेना, निम्मी नापास होऊ लागली. शेवटी मास्तरांनी पुतळ्याचं पोट उसवलं, आत चिंध्या कोंबल्या आणि वाळू संचालकांच्या बागेत पसरली. वाळूबरोबर थोडीफार लाज होती, तीही गेली. तेव्हापासून सगळेच पास.

"सर, खरा माणूस एवढा हलका असतो?" एका पोरीनं नाक मुरडत विचारलं.

"तुला पास व्हायचंय की हमाली करायचीय?" मास्तर म्हणाले. वर्ग खो खो हसला.

उत्कृष्ट प्रशिक्षकाची ढाल मास्तर भिंतीवर लावत होते, तेवढ्यात समुद्रावरून फोन आला. त्यांचा जावई पवनचक्कीच्या माथ्यावर चक्कर येऊन कोसळला होता. वारा सुटल्यामुळे हेलिकॉप्टर येणार नव्हतं, दोरानंच उतरवावं लागणार होतं.

मास्तरांनी ढाल खाली ठेवली. "वर त्याच्यासोबत कोण आहे?"

 

"निर्धास्त राहा, सर. दोघंही तुमच्याच हाताखाली पास झालेत."